रूट कॅनाल झालेल्या दाताच्या मुळाला तडा : एक्स-रे आणि सीबीसीटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्यांसाठी आणि इंटर्नसाठी लिहिले आहे. 'मुळाला तडा गेला असावा, स्कॅन करून या' असे ऐकून आलेल्या रुग्णालाही यातले बरेचसे कळेल. सीबीसीटी म्हणजे दात आणि जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन. एक गोष्ट आधीच सांगतो. प्रतिमेत तडा क्वचित दिसतो, तड्याने हाडाचे केलेले नुकसान मात्र बऱ्याचदा दिसते. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

मुळाचा उभा तडा म्हणजे नेमके काय? दाताला जाणारे सगळे तडे सारखेच नसतात का?

नसतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सच्या वर्गीकरणात दाताच्या उभ्या तड्यांचे पाच प्रकार आहेत : इनॅमलवरच्या केसासारख्या रेषा, तुटलेला कस्प (दाढेवरचा उंचवटा), तडकलेला दात, दुभंगलेला दात आणि मुळाचा उभा तडा. पहिले चार चावण्याच्या पृष्ठभागाकडून सुरू होतात. पाचवा मुळातच जन्मतो. कॅनालच्या, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळीच्या, भिंतीपासून मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत तो जातो, आणि बहुतेक वेळा गालाकडून जिभेकडे किंवा टाळूकडे अशा दिशेने. तो टोकाकडून वर चढू शकतो, मध्येच सुरू होऊ शकतो, एकाच बाजूला असू शकतो. वरचा क्राउन (दातावरची टोपी) ठणठणीत असताना खाली मूळ चिरलेले असते, त्यामुळे नुसते तोंडात पाहून काही कळत नाही.

तो रूट कॅनाल झालेल्या दातातच का जास्त आढळतो? नस काढल्यावर दात वाळून ठिसूळ होतो म्हणून?

'वाळून ठिसूळ' हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण ओलाव्यातला फरक किरकोळ असतो. खरे कारण म्हणजे गेलेले डेंटिन, दाताचा इनॅमलखालचा कठीण भाग. आधी कीड, मग ॲक्सेस (आत शिरण्यासाठी पाडलेली वाट), मग कॅनालचे रुंदीकरण, आणि शेवटी पोस्टसाठी, म्हणजे क्राउनला आधार देणाऱ्या खिळीसाठी, कोरलेली जागा. प्रत्येक पायरीला भिंत पातळ होत जाते. त्यात लॅटरल कंडेन्सेशन करताना, म्हणजे कॅनालमधला भराव कडेला दाबून बसवताना, स्प्रेडर या टोकदार हत्यारावर दिलेला जास्तीचा जोर, पाचरीसारखा निमुळता किंवा स्क्रूसारखा आटे पाडून बसवलेला पोस्ट आणि क्राउनखाली फेरूल नसणे, म्हणजे क्राउनने कवळलेला दाताचा कडा पुरेसा नसणे, यांची भर पडते. तडा त्याच दिवशी जातो असे नाही. सूक्ष्म चीर पडते आणि रोजच्या चावण्याने ती वर्षानुवर्षे लांबत जाते. म्हणूनच तक्रार बऱ्याचदा उपचारानंतर काही वर्षांनी येते.

कोणते दात? वरच्या उपदाढा, खालच्या दाढांचे पुढचे म्हणजे मेझियल मूळ, खालच्या उपदाढा आणि खालच्या पटाश्या. या मुळांचा आडवा छेद गाल-जीभ दिशेने रुंद आणि पुढे-मागे अरुंद असतो. अशा चपट्या मुळात गोल पोस्ट किंवा जाड फाइल घातली की पुढची-मागची भिंत कागदासारखी होते.

कोणती लक्षणे असतील तर संशय घ्यावा?

लक्षणे सौम्य असतात, तिथेच फसगत होते. चावताना बोथट दुखणे, हिरडी अधूनमधून सुजणे, पूची पुळी येऊन जाणे, क्राउन किंवा पोस्ट वारंवार निघणे. ही प्रत्येक गोष्ट इतर कारणांनीही होते. वजन आहे ते दोन चिन्हांना.

पहिले, अरुंद आणि एकाकी खोल पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातली फट. दाताभोवती प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) एकेक मिलिमीटर सरकवत फिरवला तर आकडे ३, ३, ९, ३ असे येतात. एकाच जागी प्रोब अचानक खाली जातो आणि जरा सरकवला की पुन्हा वर येतो. हिरडीच्या आजारातला पॉकेट रुंद असतो, उतार हळूहळू वाढतो. फुगीर क्राउनमुळे धातूचा ताठ प्रोब अडतो आणि खोल जागा हुकते. अशा वेळी बारीक, लवचीक प्लास्टिकचा प्रोब घ्यावा, गरज असेल तर भूल देऊन. जुन्या तड्यात हाड बरेच गेलेले असल्याने पॉकेट रुंदही झालेला असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, नाळेचे, म्हणजे पू बाहेर येण्याच्या वाटेचे, तोंड हिरडीच्या कडेजवळ असणे. मुळाच्या टोकाच्या संसर्गाची नाळ साधारण टोकाच्या पातळीवर उघडते. तड्याची नाळ वरच्या बाजूला, दाताच्या मानेकडे उघडते. गालाकडे एक आणि जिभेकडे एक अशा दोन नाळा एकाच दाताला असतील तर तड्याचा संशय फारच बळावतो.

साध्या एक्स-रेत तड्याची रेषा का दिसत नाही?

दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींवर चढतात.

पहिली कोनाची. किरण तड्याच्या प्रतलाला जवळजवळ समांतर गेले तरच रेषा उमटते. प्रचलित आकडा आहे ४ अंशांचा : त्याहून जास्त फरक पडला की तड्याचा काळेपणा शेजारच्या डेंटिनमध्ये मिसळून जातो.

दुसरी अडचण भरावाची, आणि ती सहसा कोणी समजावून सांगत नाही. गाल-जीभ दिशेचा तडा कॅनालमधूनच निघतो आणि आयओपीएचे, म्हणजे तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेल्या लहान एक्स-रेचे, किरणही गालाकडून जिभेकडेच जातात. म्हणजे दिशा जुळली की तडा नेमका गटापर्चाच्या, म्हणजे कॅनालमध्ये भरलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या, सावलीत बसतो. हिशेब करून पाहा. कॅनालच्या मध्यापासून मुळाची बाहेरची कड ४ मिलिमीटर धरली आणि ट्यूब ४ अंश फिरवली, तर ती कड प्रतिमेत जेमतेम ०.२८ मिलिमीटर सरकते. भरावाची निम्मी रुंदी बऱ्याचदा याहून जास्त असते. म्हणजे रेषा उमटण्याइतका कोन ठेवला तर ती भरावाआड जाते आणि भरावाबाहेर येईल इतका कोन बदलला तर ती उमटतच नाही. रेषा स्वच्छ दिसते ती तडा तिरपा वळला असेल, भरावापलीकडच्या रिकाम्या भागात गेला असेल किंवा तुकडे एकमेकांपासून दूर सरकले असतील तेव्हा. तुकडे सरकेपर्यंत हाडाचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

मग आयओपीए घ्यायचाच कशाला? आणि घ्यायचा तर कसा?

घ्यायचाच. हाडातला बदल, भरावाची लांबी, पोस्टचे टोक, हुकलेला कॅनाल हे सगळे त्यातच पहिल्यांदा दिसते, आणि तपशिलाच्या बारकाईत तो सीबीसीटीपेक्षा सरसच असतो. क्रम असा ठेवावा :

१. होल्डर वापरून समांतर तंत्राने सरळ प्रतिमा घ्यावी. मुळाच्या टोकापलीकडे २ ते ३ मिलिमीटर हाड दिसलेच पाहिजे. शेजारच्या दातांचे संपर्कबिंदू एकमेकांवर चढले असतील तर ती 'सरळ' नाही, पुन्हा घ्यावी.

२. ट्यूब आडव्या दिशेत १५ ते २० अंश पुढच्या बाजूने फिरवून दुसरी, आणि तितकीच मागच्या बाजूने फिरवून तिसरी घ्यावी. तीन पुरेत. चौथ्या-पाचव्या एक्स-रेत तडा अचानक प्रकट होईल या आशेने घेत राहू नये.

३. नाळ असेल तर तिच्यात २५ किंवा ३० नंबरचा गटापर्चा कोन हलक्या हाताने, अडेपर्यंत सरकवून एक प्रतिमा घ्यावी. कोन मुळाच्या टोकाकडे न जाता मुळाच्या मध्यावर किंवा पोस्टच्या टोकाशी थांबला तर संशयाला दिशा मिळते.

४. रूट कॅनाल पूर्ण झाल्या दिवशीचा जुना एक्स-रे मिळवून शेजारी ठेवावा. ही पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. तेव्हा नसलेली पोकळी आज मुळाच्या कडेला दिसत असेल, तर तिचे मोल नव्या स्कॅनपेक्षा कमी नाही.

सॉफ्टवेअरमधला शार्पनिंग फिल्टर जपून वापरावा. भराव आणि पोस्ट यांच्या कडेला तो स्वतःच एक काळी किनार तयार करतो आणि ती तड्यासारखी दिसते. मूळ प्रतिमा आणि फिल्टर लावलेली प्रतिमा दोन्ही पाहाव्यात.

'जे' आकाराची काळी सावली दिसली म्हणजे तडाच, असे समजायचे का?

नाही. मुळाच्या टोकाला वळसा घालून एका कडेने वर चढणारी सावली, म्हणजे 'जे' आकार, आणि दोन्ही कडांनी चढून मुळाभोवती वलय करणारी सावली, ही तड्याची परिचित चित्रे आहेत. पण टोकाचा संसर्ग पेरिओडोंटल लिगामेंटच्या (मूळ आणि हाड यांना जोडणाऱ्या पडद्याच्या) वाटेने वर निचरा होत असेल तरी हाच आकार येतो, आणि तो दात पुन्हा रूट कॅनाल करून वाचू शकतो. सावलीची वरची हद्द पाहावी. हिरडीच्या आजारात हाड वरून खाली जाते, टोकाच्या संसर्गात खालून वर. मुळाच्या मधल्या भागात, विशेषतः पोस्टच्या टोकाच्या पातळीवर, एका कडेला बशीसारखा खळगा आणि त्याच्या वर-खाली हाड शाबूत, हे चित्र 'जे' आकारापेक्षा जास्त बोलके आहे.

ओपीजीत दिसेल का?

नाही. ओपीजी पूर्ण जबड्याचा आढावा घेण्यासाठी ठीक आहे. त्याची बारकाई आयओपीएच्या जवळपासही नसते आणि समोरच्या दातांवर मणक्याची सावली पडते.

सीबीसीटी कधी सांगावा?

तोंडातली तपासणी झाली, आयओपीए झाले, आणि तरीही निदान लागत नाही तेव्हा. अमेरिकेतील एंडोडॉन्टिस्ट्स आणि ओरल रेडिओलॉजिस्ट यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये सुधारून काढलेल्या संयुक्त निवेदनाचा रोख हाच आहे : तपासणी आणि द्विमितीय एक्स-रे यांतून निष्कर्ष निघत नसेल तर मर्यादित क्षेत्राच्या सीबीसीटीचा विचार करावा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. गालाकडे ९ मिलिमीटरचा अरुंद पॉकेट आहे, दोन नाळा आहेत आणि आयओपीएत तुकडे सरकलेले दिसत आहेत, अशा दाताचा स्कॅन करून निदानात काही भर पडत नाही. तिथे स्कॅन सांगायचाच तर काढल्यानंतरच्या हाडाच्या नियोजनासाठी, आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगून.

स्कॅनची मागणी करताना काय लिहावे? सेटिंग काय असावीत?

'दात ४६, सीबीसीटी' एवढीच चिठ्ठी पाठवली तर उत्तरही तितकेच मोघम येते. दाताचा एफडीआय (दोन आकडी) क्रमांक, रूट कॅनाल कधी झाले, पोस्ट आहे का आणि कशाचा आहे, पॉकेट कोणत्या बाजूला व किती खोल, नाळ कुठे उघडते, आणि नेमका प्रश्न : 'मेझियल मुळाच्या गालाकडच्या बाजूला उभ्या तड्याचा संशय'. जुने आयओपीए सोबत जोडावेत.

क्षेत्र लहान घ्यावे, ४×४ किंवा ५×५ सेंटिमीटर, आणि संशयित मूळ त्याच्या मध्यभागी असावे. व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतला सर्वांत लहान घन, ०.०७५ ते ०.१२५ मिलिमीटर. इम्प्लांटसाठी किंवा पूर्ण जबड्यासाठी घेतलेला ०.३ किंवा ०.४ मिलिमीटर व्हॉक्सेलचा जुना स्कॅन तड्यासाठी वापरू नये, त्यात 'तडा नाही' म्हणण्याला अर्थ नाही. शक्य असेल तर ३६० अंशांचे पूर्ण फिरणे निवडावे. अर्ध्या फेरीत कच्च्या प्रतिमा कमी मिळतात आणि प्रतिमेतली दाणेदार खरखर (नॉइज) वाढते. किलोव्होल्टेज यंत्राच्या वरच्या मर्यादेकडे, साधारण ९० च्या आसपास ठेवल्यास धातूचे पट्टे, म्हणजे धातूमुळे प्रतिमेत उमटणाऱ्या खोट्या रेघा, थोडे कमी होतात.

वर-खालच्या दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवून जबडा किंचित उघडा ठेवावा. धातूचे पट्टे मुख्यतः यंत्राच्या फिरण्याच्या प्रतलात, म्हणजे आडव्या छेदात पसरतात. त्यामुळे विरुद्ध जबड्यातला धातूचा क्राउन त्याच पातळीवर येऊ देऊ नये. याच कारणाने आपल्या दातावरचा क्राउन मुळाच्या प्रतिमेला वाटतो तितका बिघडवत नाही, तो वरच्या पातळीवर असतो. खरा त्रास मुळातच असलेल्या पोस्टचा आणि भरावाचा.

स्कॅनला साधारण १० ते २० सेकंद किंवा थोडे अधिक लागतात. तेवढ्यात गिळणे किंवा मान हलणे पुरेसे आहे. एक दशांश मिलिमीटरची हालचाल व्हॉक्सेलइतकीच आहे. हाडाची बाह्य कड दुहेरी दिसली तर स्कॅन हललेला आहे. त्यावर तड्याबद्दल मत देऊ नये.

व्हॉक्सेल ७५ मायक्रॉनचा असेल तर ७५ मायक्रॉनचा तडा दिसायला हवा ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. व्हॉक्सेल म्हणजे प्रतिमेच्या जाळीतला घन. यंत्राची खरी नजर त्याहून जाड असते. फोकल स्पॉटचा (किरण जिथून निघतात त्या ठिपक्याचा) आकार, डिटेक्टरमधला पसारा, रुग्णाची सूक्ष्म हालचाल आणि खरखर हे सगळे मिळून कडा पुसट करतात. शिवाय ५० मायक्रॉनची चीर ७५ मायक्रॉनच्या व्हॉक्सेलमध्ये असेल, तर त्या व्हॉक्सेलची छटा म्हणजे चीर आणि डेंटिन यांची सरासरी. तो काळा होत नाही, थोडा करडा होतो, आणि तेवढा फरक खरखरीत हरवतो. चीर व्हॉक्सेलच्या निदान दुप्पट रुंद असेल तेव्हाच ती दिसण्याची वाजवी आशा धरावी.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतले आकर्षक आकडे वाचताना एवढे लक्षात ठेवावे की तिथे तडे बहुधा काढलेल्या दातात पाचर ठोकून केलेले असतात. ते रुंद असतात, दात हलत नाही, शेजारी धातू नसतो. रुग्णाच्या तोंडातला, गटापर्चा भरलेला, कोवळा तडा ही वेगळीच गोष्ट आहे.

स्कॅनमध्ये मुळात काळी रेषा दिसते. तडा समजायचा का?

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि चुकीची किंमत म्हणजे काढलेला चांगला दात.

गटापर्चात झिंक ऑक्साइड आणि बेरियम सल्फेटसारखे किरण अडवणारे घटक असतात. धातूचा पोस्ट त्याहून जास्त अडवतो. दाट वस्तूतून जाताना किरणातला कमी ऊर्जेचा भाग गाळला जातो, उरलेला किरण 'कडक' होतो आणि संगणकाची पुनर्रचना तिथे चुकते. परिणामी भरावाला चिकटून काळे पट्टे आणि पांढरे फटकारे उमटतात. खालच्या दाढेच्या मेझियल मुळात दोन भरलेले कॅनाल शेजारी असतात; त्यांना जोडणारी काळी रेघ अशा स्कॅनमध्ये नेहमी दिसते. ती गाल-जीभ दिशेनेच असते, म्हणजे तड्याच्याच दिशेने. दुर्दैव असे की कॅनालना जोडणारी इस्थमसची नैसर्गिक फटही तिथेच असते.

फरक ओळखायच्या खुणा : खोटी रेघ मुळाच्या कडेशी थांबत नाही, सरळ हाडात किंवा शेजारच्या दातात शिरते. दोन दाट वस्तूंना जोडणाऱ्या ओळीत ती असते. भराव संपला की, म्हणजे खालच्या छेदात गेले की, तीही एकदम संपते. खरा तडा मुळाच्या बाह्य कडेपर्यंत जाऊन तिथे कडेला छोटी खाच पाडतो, लागोपाठ अनेक छेदांत थोडा वळत-सरकत सापडतो, दुसऱ्या प्रतलातही दिसतो, आणि त्याच्या नेमक्या समोर हाड गेलेले असते. शेवटची खूण नसेल तर इतर तीन असूनही आम्ही 'तडा' असे लिहिण्याऐवजी 'संशयास्पद' लिहू.

रुग्णाला त्याच तोंडात दुसरा भरलेला, तक्रार नसलेला दात असेल आणि तो स्कॅनमध्ये आला असेल, तर तिथेही तशीच रेघ आहे का पाहावे. असली तर उत्तर मिळाले.

छेद कोणत्या क्रमाने पाहावेत?

आधी प्रतिमा फिरवून संदर्भरेषा त्या मुळाच्या लांब अक्षावर आणाव्यात; दाताच्या नव्हे, मुळाच्या. हे न करता सरकवत गेले तर तिरप्या छेदात अर्धे मूळ आणि अर्धे हाड दिसते. मग आडवा छेद मानेपासून टोकापर्यंत एकेक व्हॉक्सेलने सरकवावा, दोनदा : एकदा फक्त मुळाकडे पाहत, एकदा फक्त हाडाकडे पाहत.

त्यानंतर पुढे-मागे जाणारा उभा छेद घ्यावा आणि तो कॅनालच्या मध्यावर न ठेवता गालाकडे सरकवावा, भराव दिसेनासा होईपर्यंत. आता समोर फक्त गालाकडच्या भिंतीचे डेंटिन आहे, भरावाची सावली नाही. गाल-जीभ दिशेचा तडा इथे उभी काळी रेघ म्हणून दिसू शकतो. मग जिभेच्या बाजूने हेच करावे. आयओपीएत जे भरावाआड लपते ते इथे उघडे पडते, म्हणून ही पायरी चुकवू नये. शेवटी गाल-जीभ दिशेचा छेद, हाडाच्या पातळ पत्र्यासाठी.

विंडोची छटा हाडासाठी आणि मुळासाठी वेगळी लावावी. एकाच छटेत दोन्ही नीट दिसत नाहीत. त्रिमितीय रंगीत चित्र रुग्णाला दाखवायला छान असते, निदानासाठी त्यावर विसंबू नये.

हाडात नेमके काय शोधायचे?

मुळाच्या मधल्या भागात हाड गेलेले आणि वर-खाली शाबूत. गालाकडचा पूर्ण पत्रा नाहीसा. पोस्ट जिथे संपतो तिथे मुळाभोवती काळे वलय. हाडाचा पत्रा जागेवर आहे पण तो आणि मूळ यांच्यात फट पडली आहे. यांपैकी दोन गोष्टी एकत्र असतील आणि पॉकेटही त्याच जागी असेल, तर रेषा दिसो न दिसो, तड्याचे पारडे जड होते.

पण गालाकडचा पत्रा निसर्गतःच इतका पातळ असू शकतो की सीबीसीटीत तो उमटतच नाही. वरच्या पुढच्या दातांत आणि उपदाढांत तर बऱ्याचदा. शेजारच्या दातांवरही पत्रा दिसत नसेल, तर 'पत्रा नाही' या निरीक्षणाला फार किंमत देऊ नये.

धातूचे पट्टे कमी करणारे सॉफ्टवेअर चालू करावे का?

तड्यासाठी त्याचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. पट्ट्यांसोबत खरी बारीक रेषाही ते पुसू शकते. चालू केलेच तर न बदललेली प्रतिमाही शेजारी ठेवावी.

आधी गटापर्चा किंवा पोस्ट काढून मग स्कॅन केला तर?

प्रतिमा स्वच्छ येते यात शंका नाही. पण पोस्ट उपटताना आधीच नाजूक झालेल्या मुळावर जोर पडतो, आणि नसलेला तडा तयार होऊ शकतो. आमचे मत असे : दात पुन्हा उघडायचाच असेल, म्हणजे रीट्रीटमेंटचा विचार चालू असेल, तर आधी भराव काढून मायक्रोस्कोपखाली पाहावे आणि तरी शंका राहिली तर त्या रिकाम्या अवस्थेत स्कॅन करावा. केवळ स्कॅन सुंदर यावा म्हणून पोस्ट काढू नये.

रिपोर्टमध्ये 'तडा आढळला नाही' असे आहे. निश्चिंत राहायचे?

नाही. त्याचा अर्थ एवढाच की या प्रतिमेत दिसण्याइतका रुंद तडा नाही. पॉकेट आणि नाळ कायम असतील तर रिपोर्ट बाजूला ठेवून तपासणी पुढे न्यावी. फक्त अस्पष्ट दुखणे असेल, पॉकेट नसेल आणि हाड शाबूत असेल, तर थांबून काही महिन्यांनी पुन्हा प्रोबिंग आणि त्याच कोनातला आयओपीए घेणे योग्य.

तड्याचे सोंग घेणाऱ्या आणखी कोणत्या गोष्टी आहेत?

सर्वांत पहिली, हुकलेला कॅनाल. वरच्या पहिल्या दाढेतला दुसरा मेझिओबकल (पुढच्या गालाकडच्या मुळातला) कॅनाल न भरता राहिला तर मुळात काळी रेघ आणि टोकाला सावली, दोन्ही मिळतात. वरच्या दुसऱ्या (लॅटरल) पटाशीला काही जणांत टाळूकडे जन्मजात खाच असते, तिच्यातून अरुंद खोल पॉकेट तयार होतो. दाढांच्या मुळांच्या फाट्यात घुसलेले इनॅमलचे टोक किंवा मोती, पोस्टसाठी कोरताना झालेले छिद्र, मुळापासून सुटलेली सिमेंटमची (मुळावरच्या पातळ कठीण थराची) पापडी, या सगळ्यांनी एकाच जागचे हाड जाते. छिद्र गाठण्याजोग्या जागी असेल तर दुरुस्त करता येते, म्हणून हा फरक करणे अगत्याचे.

मग शेवटची खात्री कशाने होते?

डोळ्यांनी पाहून. दोन वाटा आहेत. आतून : क्राउन काढून, भराव वरच्या भागातून काढून, कॅनालची भिंत कोरडी करून १ टक्का मिथिलीन ब्लू लावावा, धुवावा आणि मायक्रोस्कोपखाली पाहावे. रंग चिरेत अडकून रेषा उठते. आडवा प्रकाश टाकला तर तो तड्याशी अडतो. बाहेरून : पॉकेटच्या जागी हिरडीचा छोटा फ्लॅप उचलून, दाणेदार मांस साफ करून, मुळाचा पृष्ठभाग रंगवून पाहावा. फ्लॅपखाली बहुधा हाडात तड्याच्या रेषेवर उभी खाच आधी दिसते आणि मग खाली रेषा. संशय असलेला दात काढण्याआधी यांपैकी एक तरी करता येत असेल तर करावे.

किरणोत्सर्गाची भीती किती बाळगायची?

डिजिटल आयओपीएचा प्रभावी डोस काही मायक्रोसीव्हर्ट असतो. लहान क्षेत्राच्या सीबीसीटीचा यंत्र, सेटिंग आणि जबड्याचा भाग यांनुसार खूप बदलतो. दहा-वीस मायक्रोसीव्हर्टपासून शंभराच्या पुढेही जातो. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसीव्हर्ट मिळतात. भीतीचे कारण नाही, पण बारीक व्हॉक्सेलला डोस जास्त लागतो, म्हणून 'सोबत पूर्ण जबडाही घेऊन टाका' हे करू नये. शिशाच्या ॲप्रनबद्दल विचारले जाते : अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि थायरॉइड कॉलरची शिफारस मागे घेतली, किरणांचे क्षेत्र आवळून धरणे जास्त उपयोगी ठरते. तुमच्या भागातला नियम वेगळा असेल तर तो पाळावा. गरोदर रुग्णाचा स्कॅन घाईचा नसेल तर पुढे ढकलणे सोयीचे, कारण तड्याचे निदान एका दिवसाने अडत नाही.

मार लागून मुळाला आडवा तडा गेला तर हेच सगळे लागू होते का?

फार थोडे. तो बहुधा वरच्या पटाश्यांत, मार लागल्यावर आणि रूट कॅनाल न झालेल्या दातात आढळतो. तिथे ट्यूबचा उभा कोन बदलून घेतलेल्या प्रतिमा आणि ऑक्लुजल एक्स-रे (वर-खालच्या दातांमध्ये आडवी फिल्म धरून काढलेला) उपयोगी पडतात. आणि मुख्य म्हणजे, असे कितीतरी दात आधार देऊन स्थिर ठेवले की टिकतात. उभ्या तड्याचा निकाल आडव्याला लावू नये.

तडा पक्का झाला, पण दुखत नाही. दात तसाच ठेवला तर?

चिरेत जंतू राहतात आणि तिथे पोहोचून साफ करण्याचा मार्ग नाही. हाड हळूहळू, मुख्यतः गालाकडचे, विरत जाते. एकमुळी दात बहुधा काढावा लागतो. अनेक मुळांच्या दाढेत एकच मूळ चिरले असेल आणि बाकीची भक्कम असतील, तर तेवढे मूळ कापून काढण्याचा पर्याय असतो. इम्प्लांटचा विचार असेल तर सहा-आठ महिने वाट पाहण्यात हाड जाते आणि पुढे हाडाची भर घालावी लागते.

काढलेल्या दाताचे काय करावे?

लगेच टाकू नये. काढतानाच नवा तडा गेला असू शकतो, म्हणून चिमट्याची पकड कुठे होती ते आठवून पाहावे. मूळ धुऊन, ओले ठेवूनच मिथिलीन ब्लू लावावा, भिंगाखाली चारही बाजू पाहाव्यात आणि फोटो काढावा. वाळू दिला तर डेंटिन आपोआप तडकते आणि खोटी रेषा मिळते. जुन्या तड्याच्या कडा डागाळलेल्या असतात, त्याच्या शेजारी मुळावर मळकट थर असतो. काढताना झालेल्या ताज्या तड्याच्या कडा पांढऱ्या, स्वच्छ. मग स्कॅन पुन्हा उघडून तीच पातळी, तीच बाजू शोधावी आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला फोटो पाठवावा.